मुलाचे कपाळ पुढे आलेले दिसते: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जावळ काढल्यावर आमच्या बाळाचे कपाळ एकदम मोठे आणि पुढे आलेले दिसू लागले. हा एखाद्या आजाराचा परिणाम असेल का?

बहुतेक वेळा नसतो. जावळ असताना कपाळाची वरची कड केसांनी झाकलेली असते. ते उतरवल्यावर कवटीचा आकार घरातल्यांना पहिल्यांदाच नीट दिसतो आणि तो अचानक बदलला असे वाटते. शिवाय तान्ह्या बाळाचा चेहरा कवटीच्या मानाने फारच लहान असतो. जन्माच्या वेळी चेहरा आणि कवटी यांचे प्रमाण साधारण १:८ असते, प्रौढपणी ते १:२ च्या आसपास येते. जबडा, दात आणि नाकाचे हाड वाढू लागले की तेच कपाळ बेताचे दिसू लागते. मोबाइल चेहऱ्याजवळ धरून काढलेल्या छायाचित्रात तर कपाळ प्रत्यक्षापेक्षा मोठेच येते, त्यामुळे नातेवाइकांच्या ग्रुपवर छायाचित्र पाठवून मते गोळा करण्यात काही अर्थ नाही.

तरीही ज्या थोड्या मुलांमध्ये पुढे आलेल्या कपाळामागे खरेच कारण असते, त्यांतली बरीच कारणे वेळेवर उपचार केल्यास आटोक्यात येणारी आहेत. नुसत्या कपाळावरून निदान होत नाही. डोक्याचा घेर कोणत्या गतीने वाढतो आहे आणि मुलाचे बाकीचे शरीर काय सांगते आहे, या दोन गोष्टींवर सारे ठरते.

डॉक्टरांनी कागदावर ‘फ्रंटल बॉसिंग’ असे लिहिले आहे. हे आजाराचे नाव आहे का?

नाही. ते केवळ एका दृश्य लक्षणाचे वर्णन आहे: बाजूने पाहिल्यास कपाळ भुवयांच्या रेषेपुढे फुगीर दिसते, किंवा कपाळाच्या दोन्ही बाजूंना असणारे नैसर्गिक उंचवटे नेहमीपेक्षा ठळक झालेले असतात. ‘ताप’ या शब्दावरून जसे मलेरिया की टायफॉइड हे कळत नाही, तसेच हे आहे. हे वर्णन वाचून लगेच इंटरनेटवर शोध घेतल्यास अत्यंत दुर्मिळ विकारांची लांबलचक यादी समोर येते. प्रत्यक्षात बालरोगतज्ज्ञ आधी मुडदूस, घराण्यातील मोठे डोके आणि कवटीतील पाणी यांचाच विचार करतात.

डोक्याचा घेर घरी मोजता येतो का? तो किती असावा?

येतो, मात्र पद्धत नेमकी हवी. न ताणली जाणारी फीत पुढून भुवयांच्या किंचित वर, बाजूने कानांच्या वरून आणि मागून डोक्याच्या सर्वांत पुढे आलेल्या भागावरून फिरवावी. तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा तारखेसह लिहून ठेवावा. शिंप्याची कापडी फीत वापरून ताणली जाते आणि अर्धा सेंटिमीटर सहज चुकवते, आणि इथे अर्ध्या सेंटिमीटरलाही अर्थ असतो.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर पहिल्या तीन महिन्यांत दरमहा साधारण २ सेंटिमीटर, पुढच्या तीन महिन्यांत दरमहा सुमारे १ सेंटिमीटर आणि त्यानंतर वर्षपूर्तीपर्यंत दरमहा अर्धा सेंटिमीटर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या वाढ-तक्त्यांनुसार मुलग्यांचा मध्यम घेर जन्मतः ३४.५, सहा महिन्यांना ४३.३ आणि एका वर्षाला ४६.१ सेंटिमीटर असतो. मुलींचा अनुक्रमे ३३.९, ४२.२ आणि ४४.९ सेंटिमीटर. आपले मूल या आकड्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटरने वर किंवा खाली असेल, तर त्यात काही वावगे नाही. मूल तक्त्यावरच्या ज्या रेषेने वाढत आले आहे ती रेष त्याने सोडली का, हे पाहायचे असते. सुरुवातीपासून वरच्या रेषेने निमूटपणे वाढणारे डोके सहसा निरोगी असते. मधल्या रेषेवरून दोन महिन्यांत दोन रेषा ओलांडून वर गेलेले डोके, आकडा अजून ‘नॉर्मल’ असला तरी, लगेच तपासावे लागते. म्हणून लसीकरणाच्या प्रत्येक भेटीत वजनाबरोबर डोक्याचा घेरही मोजून तक्त्यावर नोंदवण्याचा आग्रह पालकांनी धरावा. ही नोंद अनेक ठिकाणी राहून जाते, आणि मग पुढे गरज पडते तेव्हा तुलनेसाठी मागचा एकही आकडा हाताशी नसतो.

आमच्या घरात सगळ्यांचीच कपाळे भव्य आहेत. मग काळजीचे कारण उरत नाही ना?

पुष्कळदा उरत नाही, पण ही गोष्ट नुसती सांगून न थांबता मोजून दाखवावी. आई आणि वडील या दोघांच्याही डोक्याचा घेर डॉक्टर फितीने मोजतात, आणि आई-वडिलांपैकी एकाचे डोके मोठे, मुलाची वाढीची रेष स्थिर, विकास वयानुसार आणि बाकी तपासणी निर्दोष असेल, तर त्याला घराण्यातील मोठे डोके म्हणून सोडून देता येते.

याच घराण्यांत आणखी एक प्रकार वरचेवर आढळतो. सहा महिन्यांच्या सुमारास डोक्याचा घेर थोडा वेगाने वाढतो, कपाळ पुढे येते, आणि सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये मेंदूच्या बाहेरच्या बाजूला, पुढच्या भागात, पाण्याची जागा रुंदावलेली दिसते. अहवालातील हे वाक्य वाचून पालकांच्या पायांखालची जमीन सरकते. पण मूल हसते-खेळते असेल आणि मेंदूच्या आतील पोकळ्या फार फुगलेल्या नसतील, तर ही अवस्था बहुधा निरुपद्रवी असते. दीड वर्षाच्या सुमारास डोक्याची गती सावरते आणि दोन वर्षांच्या आगेमागे ही जागा भरून येते. दर एक-दोन महिन्यांनी घेर मोजत राहणे, एवढेच तोवर करायचे असते.

मुडदुसामुळे कपाळ पुढे येते असे म्हणतात. इतके ऊन असलेल्या आपल्या भागात मुडदूस होतो का?

होतो. मुडदुसात ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम कमी पडल्यामुळे वाढत्या हाडांमध्ये क्षार नीट बसत नाहीत. हाडाचा कच्चा मालच साचत राहतो आणि कपाळाचे दोन्ही उंचवटे जाड होऊन डोके काहीसे चौकोनी दिसू लागते. आईच्या दुधात ड जीवनसत्त्व अगदीच थोडे असते. त्यात आई स्वतः गरोदरपणात उन्हापासून दूर राहिलेली असेल, बाळ सव्वा महिना आणि त्यापुढेही बंद खोलीत दुपट्यात गुंडाळलेले असेल, घर दाटीच्या वस्तीत किंवा उंच इमारतींच्या सावलीत असेल, तर बाहेर कितीही ऊन असले तरी बाळाच्या कातडीपर्यंत ते पोहोचत नाही. सावळ्या त्वचेला तेवढेच जीवनसत्त्व तयार करायला जास्त वेळ उन्हात राहावे लागते, हेही आहेच.

केवळ कपाळ पाहून मुडदूस ठरवत नाहीत. मनगटे रुंद झाली आहेत का, छातीवर बरगड्यांच्या टोकांशी मण्यांच्या माळेसारख्या गाठी लागतात का, टाळू दीड वर्षानंतरही उघडी आहे का, दात उशिरा येत आहेत का, चालू लागल्यावर पाय धनुष्यासारखे वाकत आहेत का, हे सगळे पाहिले जाते. मुडदूस असलेल्या छोट्या बाळाच्या डोक्याचा मागचा भाग बोटाने दाबल्यास पिंगपाँगच्या चेंडूसारखा आत जाऊन पुन्हा वर येतो. ही खूण मात्र पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये, आजाराविनाही मिळू शकते. मनगटाचा एक साधा एक्स-रे आणि रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइड संप्रेरक यांच्या तपासण्यांवर निदान पक्के होते.

मग रोज कोवळ्या उन्हात बाळाला धरले तर पुरेसे नाही का?

सकाळच्या कोवळ्या उन्हाने बाळाला ऊब मिळते, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण तेव्हा फारच कमी असतात. ते सूर्य वर चढल्यावर, साधारण अकरा ते तीन या वेळेत, मिळतात, आणि ते ऊन तान्ह्या बाळाला सोसणारे नसते. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस जन्मानंतर लवकरच सुरू करून वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व थेंबांतून देण्याची आहे. चालत्या-फिरत्या मुलाने दुपारच्या आधी अंगणात खेळावे, हे उत्तमच. नाचणीचे सत्त्व जरूर द्यावे, १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिच्यात ड जीवनसत्त्व नसते, एवढे लक्षात असू द्यावे.

दुकानातून ड जीवनसत्त्वाचे थेंब आणून आम्हीच सुरू केले तर?

रोजच्या ४०० युनिटांपुरते ते सुरक्षित आहे, पण बाटलीवरचे अक्षर वाचूनच. बाजारात एका मिलिलीटरमध्ये ४०० युनिट आणि एका मिलिलीटरमध्ये ८०० युनिट, अशा दोन्ही तीव्रतांच्या बाटल्या जवळजवळ सारख्याच खोक्यांत मिळतात. मुडदूस सिद्ध झाल्यास एक वर्षाखालील बाळाला रोज २००० युनिट, किमान तीन महिने, आणि सोबत कॅल्शियम, असा उपचार असतो. मोठ्या मुलांना मात्रा अधिक लागते. शेजारच्या मुलाला लिहून दिलेली ६०,००० युनिटांची पुडी आपल्या बाळाला देणे मात्र धोक्याचे आहे. अतिरेकामुळे रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, सुस्ती आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. तीन महिने नीट उपचार करूनही एक्स-रे सुधारत नसेल, तर मूत्रपिंडातून फॉस्फरस वाहून जाण्याचा आनुवंशिक प्रकार किंवा मूत्रपिंडाचा दुसरा विकार शोधावा लागतो. अशा वेळी ड जीवनसत्त्वाची मात्रा वाढवत नेणे हा मार्ग नव्हे.

‘डोक्यात पाणी’ झाल्याचे कसे ओळखावे? तातडीने कधी जावे?

मेंदूतील पोकळ्यांमध्ये सतत तयार होणाऱ्या पाण्याचा निचरा अडला की जलशीर्ष, म्हणजे हायड्रोसेफॅलस, होते. हा अडथळा जन्मजात असू शकतो, पाठीच्या कण्याच्या जन्मजात फटीसोबत येऊ शकतो, अपुऱ्या दिवसांच्या बाळात मेंदूतील रक्तस्रावानंतर किंवा मेंदूज्वरानंतर उद्भवू शकतो. आपल्याकडे क्षयाचा मेंदूज्वर हे कारण विसरून चालत नाही. बाळाच्या कवटीचे सांधे अजून उघडे असल्यामुळे दाबाखाली डोके फुगत जाते आणि कपाळ ठळकपणे पुढे येते.

पुढील गोष्टींपैकी एकही दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये: बाळ शांत बसलेले असताना टाळू टणक आणि फुगलेली असणे, डोळ्यांची बुबुळे खाली वळून वरचा पांढरा भाग दिसत राहणे, कपाळावरच्या व डोक्यावरच्या शिरा तटतटणे, वारंवार जोराच्या उलट्या, दूध सोडणे, सुस्ती किंवा सतत किरकिर, झटके, आधी जमत असलेली गोष्ट न जमणे. रडताना टाळू वर येणे आणि तिच्यात नाडी उडताना दिसणे हे मात्र नेहमीचे आहे. उपचार बहुधा शस्त्रक्रियेचा असतो. मेंदूतील पाणी पोटात सोडणारी नळी बसवतात किंवा निवडक मुलांत दुर्बिणीने आतच वाट करून देतात. नळी बसवलेल्या मुलाला पुढे कधीही ताप, उलट्या किंवा गुंगी आली, तर ‘पोट बिघडले असेल’ असे न म्हणता आधी नळीची तपासणी करून घ्यावी.

कपाळ एकाच बाजूला पुढे आले आहे, किंवा मधोमध उभा कंगोरा लागतो. हे काय असते?

इथे बाळाकडे वरून, डोक्याच्या माथ्यावरून पाहावे लागते. सतत एकाच कुशीवर किंवा एकाच बाजूला मान वळवून झोपल्याने मागचा भाग चपटा झाला असेल, तर त्याच बाजूचे कपाळ आणि कान पुढे सरकतात. डोके वरून तिरक्या चौकोनासारखे दिसते. हा प्रकार सर्वाधिक आढळतो आणि झोपण्याची दिशा बदलणे, जागेपणी बाळाला आपल्या नजरेसमोर पोटावर खेळू देणे आणि मान आखडली असल्यास तिचे व्यायाम, एवढ्याने बहुतेकदा सुधारतो.

कवटीचा एखादा सांधा वेळेआधी जुळला तर चित्र वेगळे असते. माथ्यावरचा उभा सांधा जुळल्यास डोके होडीसारखे लांबट आणि अरुंद होते व कपाळ पुढे येते. हा प्रकार मुलग्यांत अधिक दिसतो. कानाच्या वरचा एका बाजूचा सांधा जुळल्यास त्या बाजूचे कपाळ चपटे पडते आणि दुसऱ्या बाजूचे फुगते. कपाळाच्या मधला सांधा सगळ्याच बाळांमध्ये साधारण तीन ते नऊ महिन्यांत जुळतो, आणि तसे होताना हाताला एक बारीक कंगोरा लागणे पुष्कळ मुलांत स्वाभाविक असते. कपाळ वरून त्रिकोणी दिसत असेल आणि डोळे जवळ आल्यासारखे वाटत असतील, तरच त्या कंगोऱ्याची चौकशी करायची. शंका असल्यास सहा महिन्यांची वाट पाहू नये, कारण दुर्बिणीने होणारी लहान शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांतच शक्य असते. त्यानंतर मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

अपुऱ्या दिवसांचे बाळ नवजात अतिदक्षता विभागात बरेच दिवस कुशीवर झोपलेले असते, त्यामुळे त्याचे डोकेही लांबट होते. त्यात सांधे मोकळेच असतात.

राईची उशी आणि मालिश यांनी कपाळ बसवता येते का?

नाही. मालिश करणाऱ्या बाईंनी रोज कपाळ दाबल्याने हाडाचा आकार बदलत नाही, आणि आजारामुळे आलेला फुगवटा तर मुळीच जात नाही. हलक्या हाताने तेल लावण्यात काही वाईट नाही. टाळूवर जोर देणे, नाक-कपाळ चिमटीत धरून ओढणे मात्र थांबवावे, हे आजीला दुखावल्याशिवाय कसे सांगायचे ते ज्याने त्याने ठरवावे. राईची उशी पिढ्यान्पिढ्या वापरात असली तरी झोपलेल्या तान्ह्या बाळाजवळ कोणतीही उशी ठेवू नये, कारण तोंड-नाक दबून श्वास कोंडण्याचा धोका असतो. बाळाला सपाट, घट्ट गादीवर पाठीवर निजवावे.

मूल फिकट दिसते आणि कपाळही पुढे येत आहे. याचा रक्ताशी संबंध असू शकतो का?

असू शकतो. थॅलेसेमिया मेजरमध्ये तांबड्या पेशी टिकत नाहीत, म्हणून अस्थिमज्जा कित्येक पटींनी काम करू लागते आणि कवटीची व गालांची हाडे आतून रुंदावतात. कपाळ आणि गालफडे पुढे येतात, नाकाचा पूल बसका दिसतो, प्लीहा वाढून पोट मोठे होते. फिकटपणा सहसा सहा महिने ते दोन वर्षे या वयात ध्यानात येतो. महाराष्ट्रात सिंधी, लोहाणा आणि कच्छी कुटुंबांत याचे वाहक तुलनेने अधिक असले तरी कोणत्याही समाजात हा आजार आढळू शकतो. विदर्भ, नंदुरबार आणि पालघर भागातील आदिवासी मुलांमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचाही विचार करावा.

रक्ताची साधी तपासणी आणि ‘एचपीएलसी’ ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी पुरेशी असते, पण ती पहिल्यांदा रक्त भरण्याआधी करावी. दात्याच्या रक्ताने निकाल गढूळ होतो. लोहाची कमतरता सिद्ध न होता महिनोन्‌महिने लोहाचे औषध चालू ठेवण्याची चूक इथे वारंवार होते. नियमित रक्त देऊन हिमोग्लोबिन ९ ते १०.५ च्या खाली जाऊ दिले नाही, तर चेहऱ्यातील हे बदल बहुतांशी टळतात.

हातपाय आखूड आणि कपाळ मोठे असेल तर?

अकॉन्ड्रोप्लेझिया हा बुटकेपणाचा प्रकार डोळ्यांसमोर येतो. दंड आणि मांड्या आखूड, नाकाचा पूल बसका, हाताची मधली बोटे फाकलेली आणि बुद्धी सर्वसामान्य, असे हे मूल असते. ‘एफजीएफआर३’ या जनुकातील बदलामुळे तो होतो आणि सुमारे ८० टक्के मुलांच्या आई-वडिलांची उंची सामान्य असते. इथे डोके स्वभावतःच मोठे असल्याने वेगळे वाढ-तक्ते वापरतात. पहिल्या दोन वर्षांत घोरणे, श्वास थांबणे किंवा हातपाय ढिले पडणे यांकडे बारीक लक्ष हवे, कारण कवटीच्या तळाचे छिद्र अरुंद असल्यास मज्जारज्जूवर दाब येतो.

याखेरीज घाम न येणे, विरळ केस आणि मोजकेच टोकदार दात; चेहऱ्याची ठेवण जाडसर होत जाऊन सांधे आखडणे; किंवा जन्मतः फार लहान बाळ आणि त्या मानाने मोठे डोके, अशा जोड्या दिसल्यास जनुकतज्ज्ञांकडे पाठवले जाते.

पहिल्याच भेटीत सीटी स्कॅन करून घ्यावा का?

सहसा नको. टाळू उघडी असेपर्यंत तिच्यातूनच डोक्याची सोनोग्राफी होते. तिला किरणोत्सर्ग नाही आणि भूलही लागत नाही. पुढे गरज पडल्यास एमआरआय करतात. सीटी स्कॅन कवटीचे सांधे शस्त्रक्रियेपूर्वी पाहण्यासाठी किंवा तातडीच्या प्रसंगी राखून ठेवावा. निरोगी, स्थिर रेषेने वाढणाऱ्या मुलाला यांतले काहीही लागत नाही. दोन महिन्यांनी पुन्हा मोजणे हीच त्याची तपासणी. भेटीला जाताना जन्माचा कागद, लसीकरणाचे कार्ड, घेराचे जुने आकडे आणि दोन-तीन वयांतली बाजूने काढलेली छायाचित्रे सोबत न्यावीत.

खासगी तपासण्या परवडत नसतील तर कोठे जावे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून झाली, आणि त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. आशा किंवा अंगणवाडी सेविकेला सांगून नाव नोंदवावे. पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. मुडदूस, मेरुदंडाची फट आणि विकासातील मागासलेपण या गोष्टी कार्यक्रमात समाविष्ट आहेत.

उपचारानंतर कपाळ पूर्ववत होते का?

कारणावर अवलंबून आहे. मुडदुसात एक्स-रेवर भरून येण्याची रेष काही आठवड्यांत दिसते, पण कपाळाचा आकार सावरायला महिने, कधी वर्षे लागतात, आणि थोडा उंचवटा राहूही शकतो. जलशीर्षात दाब कमी झाल्यावर डोक्याची वाढ मंदावते. चेहरा वाढत गेला की फरक झाकला जातो. अकॉन्ड्रोप्लेझियात कपाळाची ठेवण आयुष्यभर तशीच राहते.

पुढच्या मुलालाही हेच होईल का?

दोन्ही पालक थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता २५ टक्के असते, आधीचे मूल निरोगी असो वा आजारी. पालक सामान्य उंचीचे असल्यास अकॉन्ड्रोप्लेझिया पुन्हा होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असते. मुडदूस टाळण्यासाठी आईने गरोदरपणातच कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाकडे लक्ष द्यावे. मागच्या बाळाला मेरुदंडाची फट असेल, तर पुढच्या वेळी फॉलिक अ‍ॅसिडची नेहमीपेक्षा मोठी मात्रा गर्भधारणेच्या आधीपासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने, सुरू करावी लागते. पाळी चुकल्यावर सुरू केलेली गोळी या कामी बहुधा उशिराची ठरते. थॅलेसेमियाच्या गर्भातील तपासणीसाठी वारेचा अंश साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात घेतात, म्हणून दोघांच्या रक्ताचे अहवाल गर्भ राहण्यापूर्वीच तयार असणे सोयीचे ठरते.